कमरेची कुऱ्हाड

मिनीने सकाळी तंबूच्या दाराबाहेर आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकलं आणि टाकल्या टाकल्या मटकन खाली बसली. हातातली लाकडी कुऱ्हाड मात्र काही सोडली नाही. "मटूशांच्या घराण्याचीच गं बाई!" म्हणत लुइझा मावशी इतक्या मोठ्यांदा हसली, की तळ्यावर मागे राहिलेली चारदोन बदकंसुद्धा उडून गेली. आमच्या, उत्तरेच्या बर्फाळ रानातल्या लोकांत, मूल चालायला लागलं तरी, सगळ्यांच्या देखत त्याला मानाने बाहेर काढेपर्यंत त्याचे पाय दाराबाहेरच्या मातीला लागू देत नाहीत. मग मुलाच्या हातात लाकडी बंदूक द्यायची, मुलीच्या हातात लाकडी कुऱ्हाड. पोरीने झाडापर्यंत जायचं, स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडाच्या, डहाळ्या आणायच्या आणि आजोबांसमोर ठेवायच्या. मिनीने आणल्या. वाटेत एक चघळलीसुद्धा. तिचा बाप एबल डोळे पुसत होता आणि कोणी बघितलं की धूर गेला म्हणत होता.

तर सकाळ अशी गोड गेली. भांडण दुपारी झालं.

जेवणं उरकून पाहुणे आपापल्या घरी गेले होते. मोठ्या तंबूत घरचीच माणसं उरली. चुलीपाशी मिनीचे आजोबा, म्हातारे इसाया, गुडघ्यांवर हात ठेवून. त्यांच्या बाजूला मेव्हणी लुइझा, मूस नावाच्या थोरल्या हरणाची हाडं फोडून त्यातली चरबी काढत बसलेली. एबल, त्याची बायको आयरीन, तिच्या मांडीवर दमून झोपलेली मिनी. आणि दाराजवळ, सगळ्यांत कमी जागा घेऊन बसलेली इसायांची मुलगी डेमारिस.

डेमारिस उद्या सकाळी रानात जाणार होती. एकटी. तळ्यावर उतरणारं छोटं विमान तिला मटूशांच्या रानातल्या तळावर सोडणार, आणि मग तळी गोठून बर्फ भक्कम होईपर्यंत तिकडे ना विमान उतरणार, ना बर्फगाडी पोचणार. तिचा नवरा रूफस कच्च्या बर्फातून खाली जाऊन बुडाला, त्यानंतरच्या शरदात, म्हणजे गेल्या साली, ती पहिल्यांदा अशी एकटी गेली होती. तेव्हा सगळ्यांनी, बिचारी दुःखात आहे, जाऊ दे म्हटलं. यंदा ती दुःखासाठी जात नव्हती, रानासाठी जात होती. एबलला खुपत होतं ते हेच.

कारण रान म्हणजे नुसती झाडं नव्हेत. आमच्याकडे प्रत्येक रानाला एक कारभारी असतो. कोणी शिकार करायची, किती करायची, कुठे या वर्षी हात लावायचा नाही, हे तो सांगतो आणि बाकीचे ऐकतात. पण रानात राहणाऱ्याचंच ऐकतात. इसायांचे गुडघे दोन हिवाळ्यांपासून त्यांना गावातच बसवून होते. एबलची नोकरी गावच्या कचेरीत. म्हणजे यंदा कोणी गेलं नाही, तर मटूशांचं रान बिनमालकाच्या घरासारखं उघडं पडणार होतं.

"आता जाणारच आहेस, तर हे घे," एबल म्हणाला आणि त्याने एक खोका बहिणीपुढे सरकवला.

आत टॉमहॉक होतं, म्हणजे लढाईतली छोटी कुऱ्हाड. काळंकुट्ट, दांडा प्लास्टिकचा, एका बाजूला पातं आणि दुसऱ्या बाजूला बोटभर लांब अणकुचीदार काटा.

"सैनिक वापरतात असलं. अस्वल येऊ दे, लांडगा येऊ दे, दोन पायांचं काही येऊ दे. मी स्वतः फेकून बघितलंय."

"गॅरेजच्या दारावर," आयरीन म्हणाली. "दाराला भोक पडलंय, तेही सांग की."

"भोक पडलं म्हणजे चांगलंच आहे ना!"

डेमारिसने ते हातात घेतलं. एका बोटावर तोललं. पात्यावरून अंगठा फिरवला, दांड्याचे बोल्ट बघितले, उलटं करून मागची बाजू बघितली. एबल तिच्या तोंडाकडे पाहत होता. दक्षिणेच्या शहरात कामासाठी गेला असताना दुकानाच्या काचेत त्याला हे दिसलं होतं, आणि हातात घेतल्यावर किती तरी दिवसांनी त्याच्या छातीवरचं दडपण उतरलं होतं. खरं सांगायचं, तर ते त्याने स्वतःच्या झोपेसाठी घेतलं होतं. पण असं कोणी कबूल करतं होय?

"छान आहे, दादा," ती म्हणाली. "पण मला नको."

"का?"

"हे बघ. पाठीवर लाकडाचं ओझं आहे, कपाळावर त्याचा पट्टा आहे, मान खाली आहे. समोरची फांदी तोडायची आहे." तिने मान खाली घातली आणि हात मागे नेला. काटा तिच्या कानाशी येऊन थांबला.

"अगं बाई," आयरीन म्हणाली.

"त्याला म्यान आहे," एबल म्हणाला.

"हातातल्या कुऱ्हाडीला कसलं आलंय म्यान? आणि बर्फावर पाय घसरला की काटा माझ्याच मांडीत. बरं, मागे सपाट भाग नाही. तंबूच्या खुंट्या कशाने ठोकू, कपाळाने?"

"अस्वलापुढे खुंट्या ठोकणार आहेस का तू?"

"अस्वल आलं तर एखाद्या दिवशी येईल. खुंट्या रोज आहेत. आणि दांडा मोडला तर?"

"मोडत नाही. खोक्यावर लिहिलंय तसं."

"लिहिणारा येणार आहे का माझ्याबरोबर?"

मावशी खो खो हसली. एबलचे कान लाल झाले. त्याने खोका ओढून घेतला आणि झाकण दाबून बसवलं.

"तुला मी दिलेलं काही नकोच असतं. मग जाऊच नकोस! सगळं जग मोटारीने फिरतंय, आणि आमची बहीण कुऱ्हाड कमरेला लावून एकटी रानात निघालीय. अगं, रानातून नवा रस्ता करताहेत, तो होऊ दे. रस्ता झाला की शुक्रवारी जायचं, रविवारी परत यायचं. रान काय पळून जातंय?"

"रस्ता झाला की पळूनच जातं," मावशी म्हणाली. तिचा हसरा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. "कचेरीत बसून तूच त्या रस्तेवाल्यांना चहा पाजतोस ना? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते काही खोटं नाही. आणि सकाळी लेकीच्या हातात कुऱ्हाड दिलीस तेव्हा डोळे पुसत होतास. दुपारी बहिणीच्या हातातली काढून घेतोस?"

"ती लाकडाची होती, मावशी!"

"पोरगी लाकडाची नाहीये."

मावशीच्या जिभेपुढे कोणाचंच चालत नाही. या पोरांची आई गेली, तेव्हा माय मरो पण मावशी उरो म्हणतात त्यातली ही उरलेली मावशी, आणि ती पुरेपूर उरली होती.

"मग तुला हवी तरी कसली?" एबलने विचारलं.

डेमारिसने मावशीच्या हाताकडे बोट दाखवलं.

मावशीच्या हातात होतं ते बिनदांड्याचं जुनं पातं. जुन्या काळी व्यापारी केसाळ कातड्यांच्या बदल्यात देत, त्यातलं. वळलेल्या लोखंडाचं, कडेला पोलाद घातलेलं, तळहातापेक्षा थोडं मोठं. मावशीच्या आजीपासून ते हाडं फोडायलाच वापरलं जात होतं, त्यामुळे चरबीने माखून काळं पडलं होतं.

"माझ्या हाडफोडणीवर डोळा होय तुझा?"

"त्याचं भोक बघ ना, मावशी. गोल आहे, आणि वरून रुंद, खालून अरुंद. कुदळीचा दांडा बसतो तसा याचा दांडा वरून घालायचा. पाचर नको, खिळा नको. जितका घाव घालाल, तितकं पातं आणखी घट्ट बसतं. दांडा मोडला तर बर्च झाडाचा एक सोट तोडायचा, चाकूने तासायचा, वरून घातला की झालं. आणि दांडा काढून नुसतं पातं मुठीत धरलं, तर कातडं खरवडता येतं. मागची बाजू जाड आहे, खुंट्या ठोकता येतील. वजन बघ. दिवसभर कमरेला असलं तरी आहे की नाही, ते हात लावून बघावं लागेल."

"भंगार आहे ते," एबल म्हणाला.

"असू दे. धार लागते."

मावशीने पातं स्कर्टला पुसलं आणि मोठ्या ऐटीत पुढे केलं. "घे. तुझ्या आईलाही हवं होतं हे. मी दिलं नव्हतं."

इसाया एवढा वेळ चुलीतल्या निखाऱ्यांकडे बघत होते. कोणाला वाटलं असतं, त्यांचं लक्ष नाही. पण त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता. मुलगा घाबरलाय आणि मुलगी घाबरत नाहीये, हे त्यांना दिसत होतं, आणि यातली कोणती गोष्ट जास्त वाईट हे त्यांना ठरवता येत नव्हतं. महिनाभर ते हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. आता त्यांनी कमरेचा पट्टा सोडला, आपली कुऱ्हाड काढली आणि डेमारिससमोर, तंबूत अंथरलेल्या डहाळ्यांवर ठेवली.

ती कुऱ्हाड इसायांच्या कमरेवरून सहसा झोपेपुरतीच निघते. पातं रुंद, दांडा लांब, आणि मुठीशी दांडा असा झिजलेला की त्यात त्यांची बोटं दिसावीत. लहानपणापासून एबलला ठाऊक होतं की एक दिवस ती आपल्याकडे येणार. त्याने बापाकडे बघितलं, मग कुऱ्हाडीकडे, मग झोपलेल्या मिनीच्या अंगावरचं पांघरूण उगाचच सारखं केलं.

"माझ्या बापाने मला एकट्याला रानात सोडलं तेव्हा दिली होती," इसाया म्हणाले. "ही कमरेला असेल तर जा. नाहीतर घरी बस."

आता झालं की सगळं! मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आयरीनने नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि डेमारिस म्हणाली, "बाबा, नको."

"अगं, अक्कल चरायला गेली का तुझी?" मावशी किंचाळली. मिनी झोपेत दचकली.

"गेल्या साली हीच नेली होती मी. तुम्हीच दिली होती उसनी. जड आहे, बाबा."

"वा! नाकापेक्षा मोती जड झाला!" मावशी म्हणाली.

इसायांचा आवाज चढला नाही. ते चिडले की त्यांचा आवाज आणखी खाली जातो. "हिवाळ्याची लाकडं फोडलीस तू हिने. तूच तर सांगितलंस. मग जड कशासाठी झाली?"

डेमारिसला एक सोपं उत्तर देता आलं असतं. मनगट दुखतं म्हणाली असती, तरी चाललं असतं. वर्षभर तिने तोंड मिटून ठेवलं होतं, ते यासाठीच की सांगितलं तर कोणी परत जाऊ देणार नाही. पण म्हातारा तिच्याकडे बघत होता. आपण दिलेली सगळ्यांत मोठी वस्तू पोरीने का नाकारली, हे त्याला कळत नव्हतं, आणि त्याचा चेहरा अगदी लहान झाला होता. त्या चेहऱ्याला तिला खोटं सांगवेना.

"लाकडं फोडायला चांगली आहे," ती म्हणाली. "माणसांपुढे धरायला जड आहे."

"कुठल्या माणसांपुढे?" एबलने विचारलं.

"दोघं होते. रस्त्याची मोजणी करणाऱ्यांच्या तळावरचे. तळं जिथे अरुंद होतं ना, तिथे त्यांनी मूस मारलं होतं आणि मांस होडीत भरलं होतं. प्यायलेले होते. रात्र माझ्या तंबूत काढायची म्हणाले. मी नाही म्हटलं. एक जण हसला आणि त्याने दाराचं कापड धरलं."

आयरीनने मिनीला छातीशी घेतलं.

"बंदूक आत होती, म्हणून मी ही उचलली. उचलली, पण वर धरून ठेवता येईना. हात थरथरायला लागले. त्याला ते दिसलं. मग मी ती खांद्यावर टेकवली, जशी काही मुद्दामच टेकवलीय, आणि बोलत राहिले. एकदा मारता आली असती, बाबा. दुसऱ्यांदा उचलता आली नसती. आणि ते दोघं होते. म्हणून मला हलकी हवी."

एबल उभा राहिला होता. तंबूचं छत त्याच्या डोक्याला लागत होतं.

"नावं सांग."

"विचारली नाहीत."

"कसे दिसत होते ते सांग! मी त्यांना रोज बघतो कचेरीत, चहा पितात माझ्यासमोर, आणि तू... वर्षभर बोलली नाहीस? संपलं. विमान रद्द. मी आत्ता जाऊन सांगतो."

"दादा, बस."

"बसणार नाही! रूफस गेला तेव्हा तुला सांभाळायचं मी कबूल केलंय, त्याच्या आईसमोर. मावशी, आता तरी सांग हिला!"

आणि मावशीने खरंच सांगितलं. महिनाभर जी डेमारिसच्या बाजूने घराघरांत भांडत फिरली, तिने ते पातं परत उचललं आणि स्कर्टच्या घोळात लपवलं.

"नको जाऊस, पोरी. अस्वलाला मी भीत नाही. लांडग्यालाही भीत नाही. पण हे नको. मला झोप लागणार नाही."

"मावशी, तू पण?"

"मी पण."

डेमारिसने एकेकाकडे बघितलं.

"मी नाही गेले तर ते येणार नाहीत, असं वाटतं का तुम्हाला? येतील. रिकाम्या तंबूत झोपतील. दरवर्षी दोन-चार मूस मारतील. मग आपण मिनीला कुऱ्हाड देऊन कुठे पाठवायचं, गॅरेजपर्यंत? मी उद्या जाणार. पातं दिलं नाहीस तर चाकू घेऊन जाईन."

"ती जाईल," आयरीन म्हणाली. ती अशा भांडणांत कधी बोलत नाही, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. "एबल, ते दोघं होते, प्यायलेले होते, आणि तिने त्यांना घालवलं. तू काळजी करतोयस ते चूक नाही. पण घालवलं तिने. तेही बोल ना कोणी तरी."

इसायांनी आपली कुऱ्हाड डहाळ्यांवरून उचलली आणि मांडीवर आडवी घेतली.

"काय बोललीस त्यांना?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"खांद्यावर टेकवलीस आणि बोलत राहिलीस म्हणालीस. काय बोललीस?"

"काही विशेष नाही. हे इसाया मटूशांचं रान आहे म्हटलं. इथे शिकार करायची तर आधी विचारावं लागतं. तुम्ही विचारलं नाही. ते मूस मादी होतं, आणि या बाजूच्या माद्यांना तीन वर्षं आम्ही कोणी हात लावत नाही. मांस इथेच राहील आणि तुम्ही जाल. तेच तेच सांगत राहिले. शेवटी कंटाळले असतील."

"मांस ठेवून गेले?"

"ठेवून गेले. तुमच्यासाठी आणलं होतं ना मी गेल्या साली, बर्फ झाल्यावर, ते तेच."

इसायांचं तोंड उघडं राहिलं. "ते मऊ मांस? मी चार घरांत सांगितलं की पोरीने शिकार केली!"

मावशीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. एबल खाली बसला. त्याने चेहरा दोन्ही हातांत धरला होता. आयरीनने मिनीला त्याच्या मांडीवर दिलं. पोरीचं ऊबदार ओझं मांडीवर आलं तसे त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

इसाया मात्र हसले नाहीत. ते विचार करत होते. जन्मभर त्यांनी जे काम केलं, ते त्यांच्या मते कुऱ्हाडीचं किंवा बंदुकीचं कधी नव्हतं. लोक यायचे, विचारायचे, आणि ते हो किंवा नाही सांगायचे. न विचारता आलेल्यांना परत पाठवायचे. एवढंच काम. आपल्यानंतर ते कोण करणार, या चिंतेत त्यांनी कित्येक रात्री कूस बदलत काढल्या होत्या, आणि इकडे ते केव्हाच केलं गेलं होतं. थरथरत्या हातांनी, पण केलं गेलं होतं.

"लुइझा," ते म्हणाले, "पातं दे तिला."

"भाऊजी, अहो..."

"दे. आणि एबल, तुझ्या त्या चहावाल्यांना उद्या सांग. त्या रानात पाऊल टाकायचं असेल, तर डेमारिस मटूशला विचारायचं. मला नाही. मी तिथला कोणी नाही आता."

एबलने मान वर केली. तो काहीतरी बोलणार होता. नोकरी, रस्ता, साहेब, असं पुष्कळ त्याच्या तोंडाशी आलं. मग त्याने मांडीवरच्या मिनीकडे बघितलं.

"सांगतो," तो म्हणाला. "त्यांची नावंही शोधून काढतो. चहा मात्र आता त्यांचा ते करतील."

मावशीने घोळातून पातं काढलं, पुन्हा एकदा स्कर्टला घासूनपुसून स्वच्छ केलं आणि डेमारिसच्या ओंजळीत ठेवलं. डेमारिसने ते मुठीत धरलं, वर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. हात थरथरला नाही. मग ती दाराबाहेर रचलेल्या बर्चच्या लाकडांतून दांड्याजोगं सरळ लाकूड शोधायला उठली.

"थांब," इसाया म्हणाले.

ते उठून उभे राहत होते. गुडघे कुरकुरले. एबलने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. उभे राहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. रानाच्या मालकाकडे काही मागायला गेलं की आमची माणसं काढतात तशी.

"बर्फ भक्कम झाला की एबल मला बर्फगाडीने आणून सोडेल," ते म्हणाले. "आठवडाभर राहीन म्हणतो. जमलं तर थोडी शिकार करीन. चालेल का?"

डेमारिसला वाटलं, बाबा थट्टा करताहेत. ते थट्टा करत नव्हते. ते टोपी हातात धरून उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांच्या रानात येणाऱ्यांनी आजवर जशी वाट बघितली, तशीच बघत होते.

तिने लगेच हो म्हटलं नाही.

"या," ती शेवटी म्हणाली. "पण मूस एकच. आणि मादी नाही."

"एकच," इसाया म्हणाले, आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.